सातव्या पिसाचा डोळा

“हा डोळा कोणी भरला?”

मी विचारले, आणि चादरीवर टेकलेले बोट उचलले नाही. सोलापुरातल्या साखर पेठेत आमचा चादरींचा कारखाना आहे. तिथे बसवलेल्या नव्या मागावरून उतरलेला तो पहिलाच नमुना होता. मधोमध नाचरा मोर, पुरता उलगडलेला पिसारा, पिसाऱ्यात पंचवीस पिसे. मी डावीकडून मोजीत आले होते आणि सातव्या पिसाशी थांबले होते.

सुहासने, माझ्या धाकट्या मुलाने, चादरीकडे न बघता बायकोकडे बघितले.

“मी भरला, आत्या,” मेघना म्हणाली. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. “पंचवीस पिसांत एवढ्या एकालाच डोळा नव्हता. कुठेतरी राहून गेला असणार. संगणकावर दोन मिनिटांचं काम होतं.”

“राहून गेला,” मी म्हणाले.

कोपऱ्यातल्या स्टुलावर इराप्पा मास्तर बसले होते. मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांचे सगळे काम आमच्याकडे तरुणपणापासून त्यांनीच सांभाळले. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. अडचणीचे बोलणे निघाले की ते चष्मा पुसत. ही त्यांची सवय मला ठाऊक होती. त्या दिवशी मात्र तिचा अर्थ मी लावला नाही.

“सुहास, तू तिला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं, तिला ठाऊक असेल.”

“लग्नाला वर्ष झालं नाही. तिला कुठून ठाऊक असणार?” मग मी मेघनाकडे वळले. “ऐक. ती चूक नव्हे, ती तीट आहे. बाळाच्या गालाला लावतो, तशी. आमची मोराची चादर लग्नाच्या आहेरात जाते. नव्या जोडप्याच्या अंगावर पडते. ती बिनखोट असली तर दृष्ट लागेल, म्हणून सातव्या पिसाला डोळा द्यायचा नाही, ही या घराण्याची रीत आहे. नांदेडपासून विजापूरपर्यंत गिऱ्हाईक दुकानात चादर उलगडून पिसं मोजतं. सातवं कोरं निघालं, तरच ती आमची, दिवट्यांची.”

“पण आत्या, मला ते चुकल्यासारखंच दिसलं.”

“तुला दिसलं. या घरात चव्वेचाळीस वर्षांत कोणाला दिसलं नाही.”

हे अगदी खरे नव्हते. दहाएक वर्षांपूर्वी रेवण्णा नावाच्या कारागिराला ते दिसले होते. जुने पत्ते फाटले म्हणून त्याला नवे कापायला दिले, तेव्हा त्याने मोठ्या हौसेने तो डोळा भरून टाकला. मी त्याला त्याच दिवशी काढले. रेवण्णा इराप्पांचा सख्खा भाचा होता. इराप्पा तेव्हा एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मला त्यांच्या त्या निष्ठेचे फार कौतुक वाटले होते.

“शुक्रवारी नांदेडहून बियाणीशेठ येताहेत,” मी म्हणाले. “लग्नसराईची सगळी मागणी ते नव्या मागाचं काम बघून देणार आहेत. त्यांच्यासमोर पहिली चादर उतरेल, ती जशी हवी तशी उतरली पाहिजे. एका डोळ्याचाही फरक पडला, तर हे तुमचं यंत्र ज्या गाडीतून आलं त्याच गाडीतून परत जाईल. आणि मेघना, तू मग नक्षीला हात लावायचा नाहीस. घरात कामं कमी नाहीत.”

मेघनाने वस्त्रोद्योगाची पदविका घेतली होती आणि हे यंत्र तिच्याच भरवशावर आणले होते. तिचे ओठ घट्ट झाले, पण ती रडली नाही. एवढे मला त्यातल्या त्यात बरे वाटले.

घरातल्या बाईचा हात नक्षीवरून काढून घेणे ही आमच्याकडे नुसती धमकी नव्हती. माझे सासरे, मामंजी, हातांनी नक्षी रेखाटणारे मोठे कसबी होते आणि तेवढेच कडक होते. चौकटींच्या कागदावर ते रंगाने नक्षी भरीत. मग एकाने त्या चौकटी मोठ्याने वाचायच्या आणि दुसऱ्याने पुठ्ठ्याच्या लांबट पत्त्यांना तशी भोके पाडायची. शेकडो पत्ते दोऱ्याने गुंफले की त्यांची माळ मागावर चढे, आणि भोके असतील त्याप्रमाणे धागे उचलले जात. भोके पाडण्याचे काम घरच्या बायकांचे. थोरल्या जाऊबाईंनी एकदा कमळाच्या देठात एक भोक जास्तीचे पाडले. मामंजींनी त्यांच्या हातातून भोके पाडायचा पोगर काढून घेतला, तो कायमचा. जाऊबाई त्यानंतर छत्तीस वर्षे जगल्या. कारखान्याच्या दारापर्यंत जेवणाचे डबे घेऊन येत आणि उंबऱ्याशी ठेवून परत जात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघनाने मला संगणकाच्या खोलीत बोलावले. बोलावले म्हणजे निरोप पाठवला नाही, स्वतः आली. “आत्या, पाच मिनिटं याल का? मला काही दाखवायचं आहे.”

पडद्यावर अर्धाच मोर होता. मी विचारले, “उरलेला कुठे गेला?”

“उरलेला काढावा लागत नाही. अर्धा पिसारा भरायचा, दुसरा अर्धा यंत्र आरशासारखा उमटवतं.” तिने कुठेतरी बोट दाबले आणि मोर पुरा झाला. पुन्हा दाबले, अर्धा झाला. मामंजींना जो पिसारा भरायला तीन महिने लागले होते, तो माझ्यासमोर चिमटीत धरल्यासारखा उघडत होता आणि मिटत होता. हे चांगले की वाईट, ते माझे मलाच समजेना.

“हे दाखवायला आणलंस?”

“नाही. हे.” तिने कपाटातून एक सुरळी काढली आणि टेबलावर पसरली. पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला चौकटींचा कागद. कोपऱ्यात मामंजींची सही. “तुमच्या ट्रंकेतून सुहासनी काढून दिला. नक्षी मी चादरीवरून उतरवली, पण डोळा या कागदावर बघूनच भरला. तुम्हाला काल वाटलं, मी मनानं डोळा भरला. मी मनानं नाही भरला. बघा.”

मी डावीकडून मोजले. एक, दोन, तीन. सातव्या पिसाला डोळा होता. लाल शाईने, एकेक चौकट काळजीने भरलेला, बाकीच्या चोवीस डोळ्यांसारखाच. मी उजवीकडून मोजले. पुन्हा डावीकडून मोजले.

“हा मागाहून कोणी भरला असेल.”

“शाई एकच आहे, आत्या.”

“मग हा कागद दुसऱ्या मोराचा असेल.”

“दुसरा मोर होता?”

दुसरा मोर नव्हता. मी कागदाची सुरळी केली, ती उलटी झाली. सोडली, पुन्हा केली. “तुला जे सांगितलं ते कर,” म्हणाले आणि बाहेर पडले. बाहेर आल्यावर घरी जायचे होते की मागांकडे, हे मला आठवेना. अंगणात तशीच उभी राहिले. ज्यांनी नक्षी काढली त्यांनी डोळा काढला होता, आणि चादरीत तो नव्हता. मग रीत कोणाची? तीट लावायची असती तर मामंजींनी ती कागदावरच लावली असती. ते पत्त्यांवर काही सोडणाऱ्यांतले नव्हते.

आणि तरीही मी ती रीत माझ्या कानांनी ऐकली होती. माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. मी अठरा वर्षांची होते. मोराची पहिली चादर उतरली तेव्हा हैदराबादचे व्यापारी समोर बसले होते. त्यांनीच ते कोरे पीस दाखवले. मामंजींचा चेहरा फिरला. तेवढ्यात सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, पदर सावरून पुढे आल्या. व्यापाऱ्यांसमोर त्या कधी येत नसत. म्हणाल्या, “ती तीट आहे. मीच ठेवायला सांगितली. लग्नाची चादर आहे, दृष्ट लागू नये.” व्यापारी खूश झाले. मामंजी गप्प बसले. संध्याकाळी आत्याबाईंनी मला जवळ बसवून घेतले आणि म्हणाल्या, “गोदावरी, या तिटेची राखण आजपासून तू करायची. कोणी भरू म्हटलं तरी भरू द्यायची नाही.” थोरल्या सुनेला डावलून हा मान मला दिला होता. त्या मानावर मी पुढचे सगळे आयुष्य या कारखान्यात ताठ उभी राहिले.

बुधवारी दुपारी मागकरी जेवायला गेले तेव्हा मी जुन्या मागाच्या शेडमध्ये गेले. इराप्पा तिथेच भाकरीचे फडके सोडून बसले होते. समोर शेंगाचटणी.

“इराप्पा, जेवून घ्या. मग मोराच्या पत्त्यांची माळ खाली घ्या.”

“कशाला, वैनी?”

“बघायची आहे.”

“गुडघं लई दुखतंय बघा आज.”

“मग मी चढते शिडीवर.”

त्यांनी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतले. माळ खाली आली. धूळ, तेल आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास. आमच्याकडे पत्ता कापणाऱ्या बाईने त्याच्या टोकाला, मागाची सुई जिथे पोचत नाही तिथे, आपली खूण पाडायची असे. म्हणजे चूक निघाली तर कोणाची ते मामंजींना लगेच कळे. आत्याबाईंचे एक बारीक भोक, जाऊबाईंची दोन, माझी तीन. रेवण्णाने कापलेले पत्ते मी तेव्हाच जाळायला लावले होते आणि फाटलेले जुनेच चिकटवून वापरात ठेवले होते. म्हणून माळ मूळचीच होती.

“सातव्या पिसाचा डोळा कोणत्या पत्त्यांत येतो?”

“कोन ध्यानात ठेवतंय एवढं.”

“तुम्ही ठेवता.”

मग त्यांनी बोटाने एक जागा दाखवली. अकरा पत्ते होते. मी पदराने पहिल्याचे टोक पुसले आणि उजेडाकडे धरले. तीन भोके. दुसरा पुसला. तीन. मी अकराही पुसले. शेवटच्या चारांत काय निघणार हे माहीत असूनही पुसले.

“इराप्पा.”

“बसा वैनी, त्या पेटीवर बसा.”

मी बसले नाही. “तुम्ही चौकटी वाचत होता. मी भोकं पाडत होते.”

“व्हय.”

“तुम्ही वाचलं नाहीत का?”

“वाचलं की. अकरा येळा वाचलं. तुमी अकरा येळा ‘हं’ म्हनला.” त्यांनी चष्मा काढला. “त्या दिवशी तुमास्नी माहेरचं पत्र आलं हुतं. धाकट्या भैनीचं लगीन ठरल्याचं. पत्र पोलक्यात हुतं, हात चालत हुता, ध्यान तिकडं. माझं बी चुकलं, मी नुसतंच वाचत गेलो, भोकं तपासली न्हाईत.”

मला ते पत्र आठवले. त्यात शेवटी आईने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही आठवल्या. पत्ते मात्र आठवेनात.

“आत्याबाईंना कधी कळलं?”

“मागावर चढवताना. व्यापारी दारात आले हुते, नवं कापायला टाईम न्हवता. तुमच्या सासूबाईंनी टोकाची खूण बघितली. मला म्हनल्या, इराप्पा, तुझं तोंड मी शिवलं असं समज.” ते जरासे हसले. “अजून टाका उसवला न्हाई. आज तुमीच उसवला.”

“रेवण्णाला मी काढला तेव्हा तरी बोलायचं होतं.”

“शब्द दिला हुता, वैनी.”

“तुमचा भाचा होता तो.”

“त्याचं ब्येस चाललंय. टावेलचे माग टाकलेत त्यानं अक्कलकोट रोडला. तुमी काढला नसता तर अजून हितंच ऱ्हायला असता.”

मी माळ वर चढवायला सांगितली आणि घरी आले. पुढचे दोन दिवस माझे मला काही उमगत नव्हते. कधी वाटे, मेघनाला बोलावून सांगावे की तूच बरोबर होतीस, भर तो डोळा. कधी वाटे, पिसे मोजून चादर घेणारी माणसे काही खोटी नाहीत, त्यांना काय सांगायचे? तीट असल्याचे आत्याबाईंनी भर बैठकीत सांगितले होते. मग ती तीट नव्हती, असे म्हणणारी मी कोण? आणि रीत नव्हतीच म्हणावे, तर चव्वेचाळीस वर्षे मी जी राखली ती काय होती? आमटीत मीठ दोनदा पडले. सुहास न बोलता जेवला. मेघना दोन्ही दिवस कारखान्यातून उशिरा परतली आणि मी तिला काही विचारले नाही. ती डोळा कोरा करीत होती, मी सांगितले म्हणून.

शुक्रवारी नव्या मागाला हळदकुंकू वाहिले, चौंडेश्वरीच्या तसबिरीला हार घातला, नारळ वाढवला. बियाणीशेठ खुर्चीवर बसले होते. सुहास मागाशी, मेघना त्याच्या मागे, इराप्पा आपल्या स्टुलावर. चादर उतरली. सुहास आणि मेघनाने ती दोन टोकांना धरली आणि शेठजी उठून बोटाने मोजू लागले.

“पाच, सहा, सात. सातवं कोरं. बरोबर आहे, काकीजी. नव्या मशीनची सफाई पण छान आली.” बोट पुढे सरकत राहिले आणि थबकले. “पण हे काय? उजवीकडं पण एक कोरंच आहे.”

मी पाहिले. उजवीकडून सातवे पीसही आंधळे होते.

मेघनाच्या हातातले चादरीचे टोक खाली आले. तिच्या चेहऱ्यावरून मला समजले, आणि पडद्यावरचा तो अर्धा मोर एकदम डोळ्यांसमोर उघडला. तिने डावीकडचा डोळा पुसला होता. दुसरा अर्धा यंत्राने आरशासारखा उमटवला होता. दोन दिवस ती डावीकडूनच मोजीत राहिली होती.

“मेघना, अगं तुला कितीदा…” सुहासने सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून थांबला. सगळेच माझ्याकडे बघत होते. यंत्र परत पाठवीन, नक्षीला हात लावू देणार नाही, हे मी चारचौघांत बोलले होते, आणि बोललेले मी कधी मागे घेतले नव्हते. मेघना मान खाली घालून उभी होती. उंबऱ्याशी डबे ठेवून परत जाणाऱ्या जाऊबाईंची पाठ मला दिसली.

मी पदर सावरला आणि पुढे झाले.

“शेठजी, डावीकडचं आहे ती जुन्या मागाची तीट,” मी म्हणाले. “आणि उजवीकडचं आहे ती नव्या मागाची. घरात नवा माग आला की त्याची दृष्ट वेगळी काढावी लागते. मीच ठेवायला सांगितली.”

माझा आवाज मला माझा वाटला नाही. कोणीतरी फार पूर्वी बोललेले मी नुसते वाचून दाखवते आहे, असे वाटले.

बियाणीशेठनी इराप्पांकडे पाहिले. “मास्तर, ही रीत आमाला माहीत नव्हती.”

“असती की,” इराप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता आणि तो ते फार बारकाईने पुसत होते. “नवा माग काय रोज येतोय व्हय?”

शेठजींना ते आवडले. “मग आता गिऱ्हाइकाला सांगतो, दोन्हीकडून मोजा. दोन्ही सातवी कोरी, तर माल नव्या मागाचा.” सुहास काहीच न कळल्यासारखा कधी माझ्याकडे, कधी चादरीकडे बघत होता. मी त्याला शेठजींसाठी चहा सांगायला पाठवले.

मंडळी उठून गेल्यावर मेघना माझ्याजवळ आली. “आत्या, मला सांगायचं आहे. ते उजवीकडचं माझ्याकडून…”

“चादरीची घडी नीट घाल. मोर आत गेला पाहिजे.”

तिने घडी घातली. मी चादर तिच्याकडून घेतली आणि पुन्हा तिच्याच हातांत ठेवली.

“या दोन्ही पिसांची राखण आजपासून तू करायची. कोणी भरू म्हटलं तरी भरू द्यायची नाही. आणि कोणी भरलंच, तर त्याला कामावरून काढायचं नाही. आधी मला येऊन सांगायचं.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, “आत्या, नव्या मागाला नवी तीट… ही खरंच या घरातली रीत आहे?”

“आमच्या आत्याबाईंनी घालून दिलेली आहे,” मी म्हणाले.

ते खोटे नव्हते. स्टुलावर इराप्पा अजून चष्मा पुसत होते.